मामा, हात मोकळा आहे का?

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी धाकट्या पुतणीचा चोर माझ्या डोळ्यांदेखत तडफडून मेला, आणि त्याला वाचवू शकणारा एकमेव माणूस, म्हणजे मी, उजव्या हातात गदा आणि डाव्या हातात ढाल घेऊन नुसता बघत राहिलो. मंत्र येत होता. तोंडपाठ होता. हात मोकळा नव्हता.

हे सगळं यवतमाळात, आमच्या जेवणाच्या टेबलावर, चिवड्याच्या डब्याशेजारी घडलं. भाचा पुण्याला इंजिनिअरिंग शिकतो. दिवाळीला येताना तो बाकरवडी आणायचा, यंदा फासे घेऊन आला. चार बाजूंचे, आठ बाजूंचे, बारा बाजूंचे आणि एक चक्क वीस बाजूंचा. खेळाचं नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात, आणि काही अवघड करायचं झालं की वीस बाजूंचा फासा टाकतात. गोष्ट सांगणारा भाचा. पुतणी चोर झाली, माझा मुलगा तिरंदाज. मी म्हटलं, मला वयाला शोभेल असं काहीतरी द्या. मला पुजारी केलं.

या खेळात मंत्र टाकायला तीन गोष्टी लागतात : तोंडाने उच्चार, हाताची खूण आणि साहित्य. पुस्तकात प्रत्येक मंत्रापुढे त्यांची इंग्रजी आद्याक्षरं छापलेली असतात, व्ही, एस, एम. काही मंत्रांना तिन्ही लागतात, काहींना दोन, एखाद्याला नुसतं तोंड पुरतं. पण खूण करायची तर एक हात मोकळा पाहिजे. तलवार धरलेल्या हाताने खूण होत नाही, ढाल बांधलेल्या हाताने होत नाही. त्यामुळे त्या संध्याकाळी दर पाच मिनिटांनी एकच प्रश्न ऐकू येत होता, "मामा, हात मोकळा आहे का?"

शेजारच्या काकूंना खिडकीतून तेवढंच ऐकू गेलं असतं तर बरं झालं असतं. पण त्यांनी "मंत्र म्हण", "तिघांना झोपवलं" आणि "आता याचं रक्त किती उरलंय" हेही ऐकलं, आणि फराळाची रिकामी ताटली परत करायच्या निमित्ताने त्या आत येऊन बसल्या. महाराष्ट्रात २०१३ सालापासून जादूटोणाविरोधी कायदा आहे, हे त्यांनी मला जपून सुचवलं. मी त्यांना समजावलं की फासे टाकून राक्षसाला झोपवणं त्या कायद्याच्या अनुसूचीत बसत नाही. तिरंदाजाने त्यांना शंकरपाळे दिले. जाताना त्या म्हणाल्या, "पण पुजारी काऊन काही करून नाही राहिला?"

हाच तर प्रश्न होता.

माझ्या अडचणीचं नेमकं स्वरूप सांगतो, कारण त्यात मौज आहे. पुजाऱ्याला आपल्या देवाचं चिन्ह ढालीवर रंगवून घेता येतं आणि ते चिन्ह साहित्याच्या जागी चालतं. ज्या मंत्राला साहित्य लागतं, त्या मंत्राची खूणही मग ढालीच्याच हाताने करता येते. आशीर्वादाच्या मंत्राला तीर्थ लागतं, म्हणून तो मी गदा-ढालीसकट म्हणू शकत होतो. जखम भरायच्या मंत्राला मात्र काहीच साहित्य लागत नाही, नुसता उच्चार आणि खूण. आणि साहित्य नाही म्हणून ढालीचा हात चालत नाही, तिथे रिकामाच हात पाहिजे. जास्त लागतं ते होतं, कमी लागतं ते होत नाही. अख्खं आयुष्य कचेरीत काढलेल्या माणसाला हा नियम ऐकून घरी आल्यासारखं वाटलं. सहा कागद जोडलेला अर्ज खिडकीवर घेतात. काहीच जोडायचं नाही म्हटलं की 'साहेबांना भेटा'.

खेळ पहिल्यांदा १९७४ साली अमेरिकेत निघाला. करणारे दोघे, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन. उच्चार-खूण-साहित्य ही वाटणी पुढे १९७८च्या पुस्तकात आली, ते गायगॅक्सचं. हा गृहस्थ आधी विम्याच्या धंद्यात होता, कोणाचा विमा उतरवायचा आणि कोणत्या अटींवर, हे ठरवायच्या कामावर. नंतर काही काळ घरी जोडे दुरुस्त करायचा. दोन्ही गोष्टी नियमांत दिसतात. अपवादाला पोटअपवाद विमावाल्याशिवाय कोणाला सुचतील? आणि एका हातात जोडा, दुसऱ्यात हातोडी, खिळे दातांत, अशा माणसालाच 'एक हात मोकळा हवा' हे कळणार.

साहित्याच्या यादीत त्याचा खोडसाळपणा दिसतो. आगीच्या गोळ्याला वटवाघळाची लेंडी आणि गंधक. विजेच्या लोळाला फरचा तुकडा आणि काचेची कांडी. म्हणजे शाळेत घासून कागदाचे कपटे उचलायचो तो प्रयोग. पुढच्या आवृत्त्यांत वेग वाढवायच्या मंत्राला ज्येष्ठमधाचा कीस लागतो. आमच्या घरी खोकल्यासाठी पिढ्यान्पिढ्या ज्येष्ठमध चघळला जातोय, कोणी धावताना दिसलं नाही. आणि जमीन निसरडी करायच्या मंत्राला लोणी.

लोण्याचं नाव निघाल्यावर आतल्या खोलीतून आई बाहेर आली. तिचं वय ८४. तिला खेळ समजावून सांगायला मला जितका वेळ लागेल असं वाटलं होतं, त्याच्या एक दशांश लागला. तोंडाने म्हणायचं, हाताने करायचं, वस्तू लागते, एवढं ऐकून ती म्हणाली, "मंग पोयासारखं."

खरंच की. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे शेकतात आमच्याकडे. लोणी नाहीतर तूप आणि हळद घेऊन जुवाने घट्टे पडलेली ती जागा मळायची, आणि मळता मळता बैलाला उद्याच्या जेवणाचं आवतन द्यायचं. साहित्य, खूण, उच्चार, तिन्ही आले. माझे आजोबा आवतन देताना बैलाच्या कानाशी वाकायचे आणि आवाज असा लावायचे की जणू व्याह्यालाच बोलावताहेत. दुसऱ्या दिवशी तोरणाखाली झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, सुरू झाल्या की उच्चाराचा भाग मोठा होत जायचा. एकाने म्हटली की दुसरा चढत्या आवाजात, आणि दोन्ही हात बैलाच्या वेसणीत. लोणी तेच, पण गायगॅक्सचं शत्रूला पाडायला आणि आमचं वर्षभर राबलेल्या खांद्याला. याबाबतीत मी पक्षपाती आहे.

आई मग खुर्ची ओढून बसली आणि खेळ तासभर थांबला.

तिने दृष्ट काढायचं सांगितलं. मीठ, मोहऱ्या, लाल मिरच्या दोन्ही मुठींत घट्ट धरायच्या, आणि हात एकमेकांवरून फिरवत वरून खाली उतरवायच्या. भाच्याने लगेच हरकत घेतली, "आजी, पण दोन्ही हात भरले की खूण कशी होईल?" आई म्हणाली, "अरे, भरलेल्या हातानंच होते ना थे." भाचा पुस्तक उघडून बसला. साहित्य धरलेल्या हाताने खूण करता येते, असा नियम निघाला. आई पुस्तकाच्या आधीपासून बरोबर होती.

पण खरी मजा गेल्या वैशाखात दारव्ह्याला, बहिणीच्या घरच्या सत्यनारायणात झाली होती, ती मला तेव्हा आठवली. आमच्याकडे पूजा सांगणाऱ्या भटजींना महाराज म्हणतात. महाराज घाईत होते, त्यांना आणखी दोन घरं होती. मेहुणे पाटावर, बहीण शेजारी. आचमनाला डाव्या हातात पळी, उजव्या तळव्यावर पाणी, दोन्ही हात गुंतलेले. तेवढ्यात मेहुण्यांच्या खिशातला फोन वाजायला लागला. मेहुणे पाण्याचा हात तसाच धरून खिशाकडे बघत होते. महाराज शांतपणे पुढचं नाव उच्चारून थांबले. फोन वाजून वाजून बंद झाला, तोवर पाणी बोटांतून गळून गेलं होतं. "पुन्हा घ्या," महाराज म्हणाले.

आपल्या शास्त्रकारांनी हाताचा विचार गायगॅक्सपेक्षा कितीतरी बारीक केलाय. तो फक्त 'मोकळा हात' म्हणून थांबला. इथे तळव्याचा नकाशाच आहे : बोटांच्या टोकांवर देवतीर्थ, अंगठ्याच्या मुळाशी ब्रह्मतीर्थ, करंगळीच्या मुळाशी प्राजापत्य, आणि अंगठा-तर्जनीच्या मधल्या खोबणीत पितृतीर्थ. पाणी देवाला सोडायचं तर बोटांवरून, पितरांना सोडायचं तर त्या खोबणीतून. हात तोच, पाणी तेच, दोन बोटांचं अंतर चुकलं की पत्ता चुकला. उच्चाराचं तर विचारूच नका. त्वष्ट्याने इंद्राला मारणारा पुत्र व्हावा म्हणून यज्ञ केला आणि 'इंद्रशत्रु' या शब्दाचा स्वर चुकवला, त्यामुळे इंद्राला मारणारा होण्याऐवजी इंद्राकडून मरणारा वृत्र जन्माला आला. पतंजलीने महाभाष्याच्या सुरुवातीलाच ही गोष्ट दिली आहे, व्याकरण का शिकावं याचं कारण म्हणून. भाच्याच्या खेळात मात्र मंत्र वऱ्हाडीत म्हटला तरी लागू पडतो.

आणि साहित्य नसलं तर? तिथे दोन्हीकडचे लोक एकाच तोडग्यावर पोचले. खेळात एक थैली विकत मिळते, साहित्याची थैली. ती कमरेला असली की लेंडी, गंधक, फर, सगळं तिच्यात आहे असं धरतात, कोणी उघडून बघत नाही. आमच्या महाराजांकडे अक्षता होत्या. वस्त्र नाही? वस्त्रार्थे अक्षता. अलंकार नाहीत? अलंकारार्थे अक्षता. बहिणीने हौसेने आणलेलं अत्तर वेळेवर सापडेना, त्याच्याही जागी चार दाणे पडले. ताटलीत हळद-कुंकू लावलेले मूठभर तांदूळ आणि त्यांत साऱ्या जगाचा बाजार. मात्र खेळाच्या पुस्तकात एक कडक कलम आहे : ज्या साहित्याची किंमत लिहिलेली आहे, त्याला थैली चालत नाही, ती वस्तू खरीच पाहिजे. मेहुण्यांनी पूजा संपताना खिसा चाचपला तेव्हा महाराजांच्या चेहऱ्यावर हेच कलम होतं. दक्षिणार्थे अक्षता कोणी म्हणत नाही.

त्या पूजेत आणखी एक युक्ती बघितली, ती कुठल्या आवृत्तीत नाही. मधूनच महाराज बहिणीला म्हणायचे, "हाताला हात लावा." ती मेहुण्यांच्या उजव्या हाताला आपल्या उजव्या हाताची बोटं लावायची आणि तो विधी दोघांचा व्हायचा. खूण एकाची, पुण्य दोघांचं. बहिणीचं म्हणणं असं की पहाटे चारपासून शिऱ्याचा रवा भाजला तिने, चौरंग मांडला तिने, आंब्याचे डहाळे आणले तिने, तेव्हा हात लावायचा तर मेहुण्यांनी लावायला पाहिजे होता.

मोकळ्या हाताचा प्रश्न देवांनाही पडला असावा, नाहीतर इतके हात कशाला घेतले असते? कॅलेंडरातला गणपती बघा. एका हातात पाश, एकात अंकुश, एकात मोदक, आणि चौथा हात आशीर्वादाला रिकामा. नियमाला धरून. नागपूरच्या रस्त्याला कळंबला चिंतामणी आहे, जमिनीच्या खाली, पायऱ्या उतरून जावं लागतं. तिथे गेलं की मी आता गणपतीचे हात मोजतो. वणीच्या सप्तशृंगी देवीला अठरा हात, अठराही भरलेले. (ती वणी नाशिककडची. आमच्या जिल्ह्यातली वणी वेगळी, तिकडे देवीपेक्षा कोळसा जास्त.) नवरात्रात यवतमाळात जागोजागी दुर्गा बसते, लांबून लोक बघायला येतात. यंदा मी मंडपांच्या रांगेत उभा राहून मूर्तींचे हात मोजले असते, पण तेव्हा मला नियम माहीत नव्हता.

आणि पैनगंगेपलीकडे माहूरला तर हा वाद एकाच डोंगररांगेवर मिटवून टाकलाय. एका शिखरावर दत्त. तसबिरीतल्या दत्ताला सहा हात : माळ, कमंडलू, डमरू, त्रिशूळ, शंख, चक्र. सहाच्या सहा भरलेले, मोकळा एकही नाही. आणि दुसरीकडे रेणुका. तिचा नुसता मुखवटा, तांदळा. हातच नाहीत. जिला हात नाहीत तिच्यापुढे लोक सगळ्यात जास्त मागतात आणि मिळालं म्हणून परत येतात. मी हे भाच्याला सांगितलं. तो म्हणाला, "मामा, देव असतील तर त्यांना नियम लागू नाहीत." विमावाला याला अपवाद म्हणाला असता.

खेळात एक कौशल्य मिळतं, 'वॉर कास्टर'. ते घेतलं की दोन्ही हातांत हत्यारं असली तरी खूण करता येते. भाचा म्हणाला, मामा, पुढच्या पातळीला हे घ्या. मला ते वर्णन वाचून एसटीचा जुना कंडक्टर आठवला, मशिनं यायच्या आधीचा. यवतमाळ-पुसद गाडी, उभ्यानेच पन्नास माणसं, घाट. डाव्या काखेत तिकिटांचा पत्र्याचा ट्रे. डाव्या हाताच्या बोटांच्या फटीत उभ्या घड्या घातलेल्या नोटा, दहाच्या इथे, पाचाच्या तिथे. उजव्या हातात पंच, टिकटिक टिकटिक चालू. पेन्सिल कानावर. खांद्याला चामड्याची थैली, तिच्यात चिल्लर. धरायला हात नाही; गाडी वळली की पाठ सीटला टेकवायची, बस्स. आणि एवढ्यात कोणी हात केला की पंच मुठीत तसाच ठेवून वरच्या दोरीला हिसका, एक टोल थांबायला, दोन निघायला. तोंडाने "पुढं चला, पुढं चला, आत मोकळंच आहे." आत मोकळं कधीच नव्हतं. उच्चार, खूण, साहित्य, सगळं एकदम, चालत्या गाडीत. त्याला कुठल्या पातळीला काय मिळालं होतं कोण जाणे.

नियमाची उलटी बाजूही आमच्याकडे चौकाचौकांत बघायला मिळते. पानठेल्यावर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटणाऱ्याचे दोन्ही हात पन्नीवर, आणि ज्याच्यासाठी घोटला त्याचं तोंड लगेच भरलेलं. खेळात शांततेचा एक मंत्र आहे, त्या वर्तुळात सापडलेल्याला उच्चार करता येत नाही. आमच्याकडे तो वर्तुळाशिवाय होतो. रस्ता विचारा, 'हूं' आणि हनुवटीने दिशा. मी मुलाला म्हटलं, तुझ्या तिरंदाजाला खर्रा दे, राक्षसाला पत्ता कळणार नाही. तो मान हलवून म्हणाला, "बाबा, तुम्ही आधी गदेचं बघा."

गदेचं असं झालं. सगळं कळल्यावर भाच्याने सांगितलं की यात काही अवघडच नाही. हातातलं हत्यार टाकायला खेळात वेळ लागत नाही, टाकलं की टाकलं. मग मंत्र म्हणायचा, पुन्हा वाकून उचलायचं. जगभर पुजारी लोक असंच करतात, पाडतात, म्हणतात, उचलतात. मी म्हटलं, दसऱ्याला शस्त्रपूजा करून महिना नाही झाला, आणि गदा भुईवर आपटू? स्कूटरला झेंडू वाहिले, पक्कड-पान्हा मांडून त्यांना हळद-कुंकू लावलं, त्या घरात? भाचा दोन क्षण माझ्याकडे बघत राहिला. "मामा, ती गदा खोटी आहे." चोरही खोटाच होता, पण पुतणी तोवर रडायला आली होती.

आणखी एक मंत्र होता, नुसत्या तोंडाने होणारा, हात लागतच नाही, लांबूनही चालतो. जखमा भरतो. तो माझ्या यादीत पहिल्यापासून लिहिलेला होता. हे मला चोराने शेवटचा फासा हरल्यावर सांगण्यात आलं.

आई एवढा वेळ गप्प ऐकत होती. ती म्हणाली, "यात काय नवल रे? दोन्ही हात भरलेल्या माणसाच्यानं दारई उघडत नाही." आणि चहाचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या सुनेसाठी तिने उठून दार उघडलं. आम्ही चौघे फासे धरून बसलो होतो.

पुढचा डाव मकरसंक्रांतीला, भाच्याची परीक्षा संपली तर. मी गदा पाठीला बांधली आहे. मेलेल्याला दहा दिवसांच्या आत परत आणता येतं, असं पुस्तकात आहे, आणि खेळात अजून एकच रात्र उलटली आहे. पण त्यासाठी ५०० मोहरांचा हिरा लागतो, मंत्र झाला की तो संपतो. थैली चालत नाही. अक्षतांचं मी विचारून पाहिलं. आमच्या तिघांकडे मिळून ८३ मोहरा आहेत, त्यांतल्या ४० मेलेल्या चोराच्या खिशातल्या.